सगळ्यात स्वस्त विजय

मी एक जुने, विजेवर चालणारे हिशेबयंत्र आहे, आणि स्वभावाने भलतेच उतावळे. मित्रांनो, तुमचा मुठीत मावणारा कॅल्क्युलेटर गुपचूप उत्तर देतो. माझे तसे नाही. माझ्या पोटात दातेरी चाके आहेत. भागाकार आला की सगळे टेबल हादरते, आणि काम नसले की मला करमत नाही.

डेट्रॉइटच्या कारखान्यातून मी थेट हेरन्स या बेसबॉल संघाच्या कचेरीत आले. हिशेबनीस डोलोरेसबाई प्रुइट मला रोज मऊ फडक्याने पुसत. खेळाडूंचे पगार वाढू लागले तसे मालक केसलरसाहेब रोज विचारू लागले, "एक विजय मला पडतो तरी कितीला?"

बाईंनी एक युक्ती काढली. अगदी कमी पगाराची नवखी पोरे उतरवली तरी काही सामने जिंकतातच. तेवढे विजय आणि तेवढा पगार आधी वजा करायचा. उरलेल्या पैशांना उरलेल्या विजयांनी भागायचे, की संघाने पैशांचे किती चीज केले ते कळते. आमचे उत्तर आले एका विजयाला एकतीस हजार डॉलर. लीगमध्ये सर्वांत कमी! मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

पण साहेबांना त्या आकड्याचे वेडच लागले. पुढच्या वर्षी तो आणखी खाली आणीन, अशी त्यांनी दुसऱ्या एका मालकाशी सिगारच्या पेटीवर पैज लावली.

पैजेच्या त्या वर्षी आमचा संघ खरोखर जिंकू लागला. लीग जिंकली तरच वर्ल्ड सिरीज ही अंतिम लढत खेळायला मिळते, आणि आमचा कॅचर गस नोवोटनी तिथे एकदाही पोहोचला नव्हता. सतरा वर्षे फलंदाजामागे उकिडवे बसून चेंडू झेलता झेलता त्याचे गुडघे कामातून गेले होते. हा त्याचा शेवटचा हंगाम. ऑगस्टमध्ये तो लंगडत कचेरीत आला.

"साहेब, एक डावखुरा पिचर घ्या हो. चेंडू फेकून फेकून आमच्या पोरांचे खांदे दुखायला लागलेत."

साहेबांनी बाईंना हिशेब करायला लावला. माझी चाके धावली. पिचर घेतला तर दोन विजय जास्त, आणि एका विजयाचा भाव एकतीस हजार सातशे.

"वाढला की!" साहेब म्हणाले.

"अहो, तरीही लीगमध्ये सगळ्यात कमीच आहे," बाई कळवळून म्हणाल्या. "आणि हे दोन विजय साधेसुधे नाहीत."

"डोलोरेस, युक्ती तुझीच ना? मग आता का रडतेस?"

माझी आतल्या आत नुसती तडफड होत होती. उत्तर मीच दिले होते, पण पुढे एक शब्द बोलायची सोय नव्हती.

पिचर आला नाही. आमचा संघ एका सामन्याने मागे राहिला आणि लीग हुकली. भाव मात्र तीस हजारांवर उतरला आणि साहेब सिगारची पेटी घेऊन आले.

गस निरोप घ्यायला आला तेव्हा कचेरीत त्या सिगारच्या धुराचा वास होता.

"काय गं, कितीला पडलो आम्ही?"

"तीस हजारांना. सगळ्यात स्वस्त," बाई मान खाली घालून म्हणाल्या.

"वा! मग माझाही एक हिशेब कर. सतरा वर्षांचा पगार घे, आणि मी खेळलेल्या वर्ल्ड सिरीजनी भाग."

"गस, नको रे."

त्याने स्वतःच आकडे दाबले. भागायचा आकडा शून्य. मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र भागाकार करते ते पुन्हा पुन्हा वजाबाकी करून. शून्य कितीही वेळा वजा केले तरी काही संपत नाही. माझी चाके सुटली ती सुटलीच. टेबल थरथरू लागले, पेने खाली पडली. बाईंनी वायर उपटायला हात पुढे केला.

"राहू दे," गस म्हणाला. "फिरू दे त्याला थोडं."

दोघेही माझ्याकडे पाहत उभे राहिले. बाईंचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, हिशेब जरूर करा, काटकसरही करा. फक्त माझ्यासमोर बसण्याआधी आपल्याला काय हवे आहे ते एकदा मनाशी ठरवा. ते मला विचारू नका. मला फक्त फिरता येते.