सोनं पुसणारं फडकं आणि डाळिंबी फियाट

मित्रांनो, मी एक जुना फलालीनचा तुकडा आहे. आता माझा रंग बघून तुम्ही म्हणाल, हा डाळिंबीच जन्मला असणार. तर नाही. मी पिवळा होतो. चांगला हळदीसारखा पिवळा, आणि इतका मऊ की माझ्यावर हात फिरवला की माणूस परत फिरवायचाच. मग डाळिंबी कसा झालो? तेच तर सांगायचंय, आणि सांगताना मला अजून कसंतरी होतं.

जळगावच्या एका सराफी दुकानात मी कामाला होतो. तिथले कारागीर अभिमनभाऊ, तेच माझे मालक. दागिना घडून, जोडून, धुऊन झाला की शेवटचा हात अभिमनभाऊंचा. आधी रिठ्याचं पाणी, मग मऊ कुंचला, मग लाल पॉलिश आणि मग मी. असं हळू हळू घासायचे, की पोत सुद्धा त्यांच्या हातात झोपून जाईल. आणि ऐका हं, सोनं घासताना फडक्याला काळं लागतं. जितकं काळं माझ्यावर उतरायचं तितकं सोनं खाली हसायचं. अभिमनभाऊ म्हणायचे, "निघू दे, निघू दे, मळच आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आमच्यासारखी जुनी फडकी दुकानात शेवटी जाळतात आणि राखेतून सोन्याचे कण काढतात. माझीही पाळी आली होती. पण अभिमनभाऊंनी शेठना विचारलं, "हे एक घरी नेऊ का? देव पुसायला." शेठ म्हणाले, "ने. त्यात जे असेल ते तुझ्याच हाताचं." असा मी वाचलो आणि पिंप्राळ्याला त्यांच्या घरी आलो. दिवसभर समई आणि बाळकृष्ण. मजेत होतो अगदी.

शेजारी रमजानभाई राहायचे. गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान. केसात कायम कापसाचा एखादा धागा अडकलेला, आणि तोंडात कायम एखादी गंमत. त्यांनी कुणाकडून तरी एक जुनी फियाट घेतली होती, डाळिंबी रंगाची. आमच्या गल्लीतली एकुलती एक चारचाकी. उन्हाने तिचा टप पांढुरका पडला होता, पण रमजानभाई तिला "बेगम" म्हणायचे आणि उतरताना दार असं लावायचे, जसं काही आत बाळ झोपलंय.

मार्च महिना होता. रमजानभाईंच्या भाच्याचं लग्न धुळ्याला. सगळं घर वऱ्हाडाच्या बसने निघालं. जाताना त्यांनी किल्ली अभिमनभाऊंच्या हातात दिली. "तुमच्या भिंतीशी सावली आहे, तिथे उभी करून जातो. रोज जरा चालू कर, नाहीतर बॅटरी उतरेल. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही मी हिला."

आणि दुसऱ्याच दिवशी अभिमनभाऊंनी कूलर बाहेर काढला.

तुम्हाला जळगावचा मार्च माहीत असेल तर माहीतच आहे. कूलर बाहेर निघाल्याशिवाय झोप नाही. पत्र्याचा, अवजड, एक चाक गेलेला. अभिमनभाऊ एका बाजूला, त्यांची बायको मंजुळाबाई दुसऱ्या बाजूला, आणि ओट्यावरून उतरताना तो झुकला. खर्र. कूलरचा कोपरा फियाटच्या दाराला लागला. लांब, पांढरी रेघ. मुठीच्या खालून अगदी मागच्या कडेपर्यंत.

दोघांनी कूलर खाली टेकवला. मग मंजुळाबाई म्हणाल्या, "रमजानभाई आल्या आल्या सांगून टाका. हसतील आणि विसरतील."

"कसं सांगू गं? विश्वासाने ठेवून गेलेत. दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणाले."

"म्हणूनच सांगा ना."

पण अभिमनभाऊ रेघेवर बोट फिरवत होते. आणि मला ते बोट ओळखीचं होतं. बांगडीवरचा ओरखडा पाहताना ते असंच फिरतं. ते पुटपुटले, "निघेल. एवढं काय. हातातलं काम आहे."

मग सुरू झालं सामान गोळा करणं. गल्लीत एक तोताराम आबा, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. ते ओट्यावरून म्हणाले, "घासलेट मार." मंजुळाबाई म्हणाल्या, दात घासायची पेस्ट लावा, माझ्या भावाने मोटरसायकलला लावली होती. अभिमनभाऊ गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे ओरखडे घासून काढायच्या लेपाचे दोन डबे होते. एक बारीक कंपाउंड आणि एक जाड. शिवाय गोल डब्यातलं मेणाचं पॉलिश. दुकानदार म्हणाला, आधी बारीक लावून बघा. पण अभिमनभाऊंना वाटलं, रेघ खोल आहे, बारकाने काय होणार. जाड डबा घेतला. घरी आल्यावर मला देवघरातून उचललं. मला किती छान वाटलं सांगू. परत कामावर.

सुरुवात त्यांनी झकास केली. रिठ्याच्या पाण्याने गाडी वरून खाली धुतली, म्हणजे खालची माती वर जात नाही. मला जमिनीवर पडू दिलं नाही, कारण एक वाळूचा कण अडकला तर तोच करवतीसारखा चालतो. इथपर्यंत शहाणपण. पण मग भर दुपारी, सावली सरकून गेलेली आणि पत्रा हात भाजेल इतका तापलेला असताना, त्यांनी जाड कंपाउंड काढलं, मला त्यात बुडवलं आणि घासायला लागले. ते लावताच वाळत होतं, म्हणून अजून जोर. आणि माझ्यावर रंग उतरायला लागला. डाळिंबी. गडद, दाट, डाळिंबी.

"निघू दे," अभिमनभाऊ म्हणाले, "मळच आहे."

मित्रांनो, तो मळ नव्हता. तो रंगच होता. सोन्याच्या आत सोनंच असतं, कितीही घासा. गाडीचा रंग म्हणजे वरची कातडी, आणि तिच्या आत नुसता पत्रा. मला कळत होतं, मला ओरडावंसं वाटत होतं, पण फडक्याला कुठला आवाज. आणि खरं सांगू, मला चमकही आवडत होती. माझ्या खाली ते दार आरशासारखं व्हायला लागलं होतं आणि मी खूष होतो.

रेघ गेली. पण आता ते दार नवीन आणि बाकी गाडी म्हातारी. कुणालाही कळलं असतं. म्हणून मग दुसरं दार. मग बोनेट. मग टप. दुकानातून आले की अभिमनभाऊ गाडीपाशी, रविवारी तर जेवायला सुद्धा आत गेले नाहीत. मंजुळाबाई शिरपूरकडच्या, चिडल्या की माहेरची बोली बाहेर पडते. "बठ्ठी गल्ली देखी राहिनी," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळी गल्ली बघतेय. "एक रेघ लपवायला अख्खी गाडी सोलतात का?"

आणि शेवटी पहिल्या दाराला पुन्हा एक हात मारताना झालं ते. दाराला मधोमध एक उभारलेली घडी असते ना, तिथे रंग सगळ्यात पातळ. एका फटक्यात तिथून रंगाखालचं राखाडी अस्तर वर आलं. रुपयाएवढं. अभिमनभाऊ थांबले. माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्यावर पडला.

रमजानभाई दुसऱ्या दिवशी येणार होते. अभिमनभाऊ बाजारात गेले आणि एक स्टिकर घेऊन आले. चंदेरी, चमकदार, अल्लाच्या नावाचा आकडा ७८६ लिहिलेला. बरोबर राखाडी डागावर चिकटवला.

मंजुळाबाईंनी ते पाहिलं आणि आवाज एकदम खाली आला त्यांचा. "त्यांच्या देवाच्या नावाआड लपलात तुम्ही?"

अभिमनभाऊ स्टिकरच्या कडा अंगठ्याने दाबत राहिले.

रमजानभाई आले, बॅग खाली ठेवली आणि गाडीसमोर उभेच राहिले. गोल फिरले. टपावर हात फिरवला. मग अभिमनभाऊंना मिठीच मारली. "अरे, मी तिला नुसती रोज चालू कर म्हणालो होतो, तू तिला नवरी केलीस." आणि मग त्यांना स्टिकर दिसला. ते वाकले. बोटं त्यावर ठेवली, डोळ्यांना लावली. "हे सुद्धा तू आणलंस? अभिमन, माझ्या सख्ख्या भावाला सुचलं नसतं."

झालं. सगळ्या गल्लीत एकच विषय. रमजानभाईंच्या बायकोने, सुगराभाभींनी, शीरखुर्मा पाठवला, ईद नसताना. तोताराम आबा म्हणाले, "माझ्या स्कूटरला पण लाव की रे हात." जो तो अभिमनभाऊंची पाठ थोपटत होता आणि ते दर थापेला थोडे थोडे खाली जात होते. शीरखुर्मा त्यांनी खाल्ला नाही. मंजुळाबाईंनी वाटी घासून परत दिली.

आणि रोज सकाळी काय व्हायचं सांगतो. रमजानभाई दुकानाला निघताना त्या स्टिकरला हात टेकवायचे, डोळ्यांना लावायचे, मगच दार उघडायचे. रोज. आमच्या खिडकीतून ते सरळ दिसायचं. अभिमनभाऊंनी खिडकी बंद करायला सुरुवात केली. मग ते मागच्या दाराने दुकानात जायला लागले. रमजानभाई मंजुळाबाईंना विचारायचे, "भाऊ रागावलाय का माझ्यावर? माझं काही चुकलं का?" मंजुळाबाई चहा टाकायला आत वळायच्या. दुकानात एका मंगळसूत्राच्या वाटीला अभिमनभाऊंच्या हातून डाग राहिला, असं कधी झालं नव्हतं. मी देवघराशेजारी खुंटीला लटकत होतो, डाळिंबी, दोनदा धुऊनही डाळिंबी. त्यांनी मला परत देवांना लावलं नाही. ते माझ्याकडे बघायचेच नाहीत.

मग एप्रिल आला. आमच्याकडचं ऊन. स्टिकरचा डिंक सुटला, कोपरा वर आला.

एका सकाळी रमजानभाई दारात. "अभिमन, तुझ्याकडे चांगला डिंक असेल ना? कोपरा उचललाय. ते नाव असं लोंबताना बघवत नाही रे. तू लावलंयस, तूच चिकटव."

अभिमनभाऊंनी डिंकाची बाटली घेतली, आणि डिंक पुसायला म्हणून मलाही खुंटीवरून काढलं. बाहेर आले. स्टिकरसमोर उभे राहिले. बाटलीचं झाकण अर्धं फिरवलं आणि परत बसवलं. मग म्हणाले, "रमजानभाई, मी नाही चिकटवत. आधी तुम्ही खाली काय आहे ते बघा."

"खाली काय असणार? सोनं लपवलंयस की काय?"

रमजानभाईंनी हसत हसत, जपून, स्टिकर काढला. हसू तिथेच थांबलं. राखाडी डागावर त्यांनी बोट ठेवलं.

अभिमनभाऊंनी सगळं सांगितलं. कूलर, रेघ, जाड डबा, मग हे. एका दमात.

"कूलरची रेघ," रमजानभाई म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच."

"रेघेचं सांगितलं असतंस तर मी तुलाच चहा पाजला असता. जुनी गाडी आहे, अजून दहा रेघा पडतील." ते स्टिकरकडे बघत होते. "पण मी रोज इथे हात टेकवत होतो, अभिमन. आणि तू बघत होतास."

स्टिकर त्यांनी खिशात ठेवला नाही, खाली टाकला नाही. गाडीत बसून समोरच्या काचेला लावला. मग गाडी सुरू केली आणि निघून गेले. अभिमनभाऊ तिथेच उभे, एका हातात बाटली, एका हातात मी.

त्यानंतर बरेच दिवस रमजानभाई बोलले नाहीत. रागाने नाही, नुसते बोलले नाहीत, ते जास्त वाईट. डाग मात्र त्यांनी रंगवून घेतला नाही. उघडाच राहू दिला.

एके दिवशी संध्याकाळी तोताराम आबांना तो दिसला. "रमजानभाई, हे काय, गाडीला नायटा झाला की काय?"

"माझ्याच हातून झालं," रमजानभाई म्हणाले. "पुसताना जरा जास्त घासलं."

"घ्या. त्या बिचाऱ्या अभिमनने एवढी चमकवून दिली आणि तुम्ही वाट लावली."

खिडकी उघडी होती त्या दिवशी. अभिमनभाऊंनी ते ऐकलं. मित्रांनो, ते जेवायला बसले होते, तसेच उठले. वाटेत खुंटीवरून मला ओढलं, मला वाटतं, हात रिकामा नको म्हणून. अनवाणी गल्लीत आले आणि मला सगळ्यांसमोर उघडं धरलं, तो डाळिंबी डाग पसरून.

"आबा, हा बघा गाडीचा रंग. हा मी काढला. रेघ मी पाडली, डाग मी पाडला, आणि वर स्टिकर लावून तुमच्याकडून शाबासकी घेतली. रमजानभाई खोटं बोलतायत, माझ्यासाठी."

तोताराम आबांनी तोंडातली सुपारी फिरवली आणि म्हणाले, "मग माझी स्कूटर राहू दे रे बाबा."

कुणीतरी हसलं. अभिमनभाऊ हसले नाहीत. रमजानभाईही हसले नाहीत, पण त्यांनी गाडीचं दार उघडलं, पलीकडचं, आणि म्हणाले, "चल. बस. सुगरा कधीची विचारतेय, हा घरी का येत नाही. मी काय सांगू तिला?"

"घर तर शेजारीच आहे, रमजानभाई."

"मग एक चक्कर मारून जाऊ."

त्या चकरेत मी सीटवर राहून गेलो, आणि आता त्या गाडीतच असतो. रमजानभाई फक्त धूळ झटकायला मला घेतात, हलक्या हाताने, एकाच दिशेने, ऊन उतरल्यावर. आणि त्या राखाडी जागेपाशी आलो की मला अजूनही जीव मुठीत धरावासा वाटतो. कारण तिथला रंग माझ्या धाग्यांत आहे, आणि मला तो परत देता येत नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. गाड्या चमकवा, खुशाल चमकवा. सावलीत करा, आधी बारीक डबा घ्या, आणि फडक्यावर रंग दिसला की तिथेच थांबा. पण दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातून खराब झाली ना, तर डबा, फडकं, काही शोधू नका. आधी त्याला हाक मारा.