नवव्या देशाचं गाणं

नजीरानं डाव्या कानात बोट घातलं. डावा कान खोलीकडं होता, उजवा टीव्हीकडं. खोलीकडचा कान बंद केला की निम्मा तरी गलका कमी होईल, असं तिला वाटलं होतं. पण तात्यासोंचा आवाज असल्या बोटाबिटाला दाद देणारा नव्हता.

“चार! लिवा गणपतराव, चार! हे काय गाणं हाय व्हय? अंगात आल्यागत करतंय नुसतं.”

“चार,” म्हणत गणपतरावांनी पाटीवर खडूनं आकडा मांडला. पोस्टातून रिटायर झाल्यापासून शेजारच्या तात्यासोंकडं बसून काहीतरी लिहायला मिळालं की त्यांना बरं वाटायचं. बेरीजसुद्धा ते मोठ्यानं करायचे, आणि तीही गाणं चालू असताना.

रविवारची दुपार होती. दिल्लीवरून आशियातल्या चौदा देशांची गाण्यांची स्पर्धा दाखवत होते. एकेका देशाचा गायक येणार, एकेक गाणं म्हणणार आणि शेवटी तिथले परीक्षक नंबर काढणार. गुळाचे व्यापारी तात्यासो तिथल्या परीक्षकांवर विसंबून राहणारे नव्हते. त्यांनी सकाळीच गणपतरावांना पाटी घेऊन बोलावलं होतं. बायको पद्मावती आरामखुर्चीत बसून कपड्यांना मार्क देत होती. नजीरा तिची झंपरं शिवायची, म्हणून तिला उंबऱ्याजवळ बसून बघायची मुभा मिळाली होती.

ती मजा बघायला आली असती तर गोष्ट वेगळी होती. तिला त्यातलं एक गाणं घरी न्यायचं होतं.

तात्यासोंच्या पुतण्याचं, वर्धमानचं, गुरुवारी कागलात लग्न होतं. शुक्रवारी तात्यासो नजीराच्या नवऱ्याच्या, बादशहाच्या, बँडच्या दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “मास्तर, रविवारी टीव्हीवर गाण्यांची शर्यत हाय. त्यात जे पयलं येईल, ते आमच्या वरातीत वाजलं पायजे. जमत असलं तर सुपारी तुमची. न्हाईतर उचगावचा बँड हायच.”

“जमतंय की,” बादशहा म्हणाला. “एकदा ऐकलं की बसलंच म्हणून समजा.”

आतल्या खोलीत शिलाईच्या मशीनवर बसलेल्या नजीराचा पाय तिथंच थांबला होता. एकदा ऐकलं की बसलं! कुणाच्या कानात बसलं? तीस वर्षं एका बाजूला ढोल आणि दुसऱ्या बाजूला ट्रंपेट घेऊन वाजवल्यावर बादशहाच्या कानांत आता फारसं काही शिल्लक राहिलं नव्हतं; अगदी कानाला लागून आलेला सूर तेवढा कळायचा. समोरचा माणूस तोंडासमोर बोलला तर ओठ बघून भागायचं. नवी चाल मात्र पोचायची नाही. बँडमास्तर बहिरा आहे हे बाजारात कळलं असतं तर कुत्रंसुद्धा दुकानाकडं फिरकलं नसतं. म्हणून गेली तीन वर्षं नजीरा रेडिओला कान लावून चाल पकडायची आणि रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याच्या कानाला तोंड लावून गुणगुणायची. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात लोक म्हणायचे, मास्तरांचा कान म्हणजे कान आहे बाबा. आणि मास्तर खुशाल मान डोलवायचे. त्या वेळी तिला वाटायचं, याच्या डोक्यात ढोलच घालावा.

आता अडचण अशी होती, की प्रत्येक गाणं एकदाच लागणार आणि पहिलं कुठलं ते शेवटी कळणार. तिच्या डोक्यात एका वेळी एकच नवी चाल पुरती मावायची. दुसरी आली की पहिली सांडलीच. म्हणजे कुठलं गाणं जिंकणार, हे ते ऐकतानाच ओळखायला हवं होतं. त्या खोलीत परीक्षा खरी कुणाची चालली होती, तर ती उंबऱ्यावरच्या बाईची.

पहिली चार गाणी तिनं सोडून दिली. पाचव्याला पांढऱ्या सुटातला एक पोरगा आला आणि उड्या मारत गायला लागला. चाल जिन्याच्या पायऱ्यांसारखी सरळ, चढायची आणि उतरायची. हे जिंकणार, तिनं मनात म्हटलं. असलंच लोकांना आवडतं. तिनं डोळे मिटून चाल धरली.

“नजीरा, च्या घेणार न्हवं?” पद्मावतीनं नेमकं तेव्हाच विचारलं.

“न… नको, वहिनी.”

“अगं घे की. दुधाचा केलाय.”

एक ओळ निसटली. तिनं दात-ओठ खाऊन ती मागं ओढून आणली. पुढच्या तीन गाण्यांना ती घशातल्या घशात पांढऱ्या सुटाची चाल घोळवत बसली. चहा गार झाला.

मग नवव्या देशाची बाई आली. देशाचं नाव कुणालाच नीट वाचता आलं नाही. पन्नाशीची असेल. साधा हिरवा पोशाख, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. नाच नाही, हसणं नाही.

“ही कुठली म्हातारी धरून आणली?” तात्यासो म्हणाले.

“केस तरी विंचरायचे बाईनं,” पद्मावती म्हणाली.

“रडतीया जणू,” गणपतरावांनी खडू सरसावला. “किती लिवू?”

“दोन लिवा. बाईमाणूस हाय म्हणून दोन.”

नजीरानं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण बाईचा आवाज जिथं खाली येईल असं वाटत होतं, तिथंच तो वर गेला आणि वरच थांबला. नजीराचं बोट कानातून आपोआप खाली आलं. पुढची ओळ, त्याच्या पुढची, सगळं एकामागून एक आत येत गेलं. बोलावलं नव्हतं तरी आलं. 

“नजीराला पण विचारा की मार्क,” पद्मावती म्हणाली.

“तिला काय कळतंय त्यातलं? मास्तर असते तर त्यास्नी विचारलं असतं.”

नजीरानं कान टीव्हीकडंच ठेवला.

बाई वाकून नमस्कार करून निघून गेली, तेव्हा नजीरानं घाईघाईनं पांढऱ्या सुटाची चाल शोधली. दोन ओळी सापडल्या. तिसऱ्या ओळीला हिरव्या पोशाखातली बाई उभी होती. केलंस वाटोळं, ती स्वतःला म्हणाली. सुपारी घालवलीस. कशाला ऐकलंस गं बाई, कशाला?

भारताचं गाणं बाराव्या पाळीला लागलं. त्याला सगळे पहिल्यांदाच गप्प बसले, पण अर्ध्या मिनिटापुरतेच. गाणं संपायच्या आत तात्यासोंनी दहापैकी दहा देऊन टाकले.

निकाल लागला. भारत अकरावा. पांढरा सूट पहिला.

नजीरा गुडघ्यांवर पुढं सरकली. तिनं ओळखलं होतं! तिथल्या एवढ्या परीक्षकांच्या आधी ओळखलं होतं! आणि देवाची कृपा बघा, तो पोरगा बक्षीस घेऊन माईककडं परत येत होता. तेच गाणं पुन्हा म्हणणार होता. वाद्यं सुरू झाली.

“लांडीलबाडी हाय सगळी!” तात्यासो उठले. त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. “अकरावा? आपला अकरावा?” आणि त्यांनी खट्कन टीव्ही बंद केला.

“मालक, जरा ऱ्हाऊ द्या की…”

“काय ऱ्हाऊ द्या? हितं देशाचा अपमान झालाय, आन् तुला गाणं सुचतंय?”

काचेवरचा पांढरा ठिपका बारीक होत विझला. नजीरा उठली, गार चहा एका घोटात संपवला, कप विसळून ठेवला आणि घरी आली. वाटेत ती कुणाशी बोलली नाही, नाहीतर रस्त्यावरच भांडण झालं असतं.

बादशहा क्लॅरिनेट पुसून तयारच बसला होता. तिला बघितल्याबरोबर त्यानं मान वाकवून कान पुढं केला. तिनं तोंड लावलं. पांढऱ्या सुटाच्या दोन ओळी झाल्या आणि पुढं काही येईना.

“फुडं?” डोळे न उघडताच तो म्हणाला.

तिचं रडू फुटायच्या बेतात आलं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि नवव्या देशाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणलं. एक सूर सुटला नाही. बादशहानं ते चाचपत चाचपत वाजवलं, मग सलग वाजवलं. वाजवून झाल्यावर त्यानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

“हे पयलं आलं?”

“व्हय,” नजीरा म्हणाली.

“परीक्षक शाणे हायत म्हणायचे.”

पुढचे चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिघांनी ती स्पर्धा बघितली होती, पाटीवर मार्क लिहिले होते. भर वरातीत तात्यासो बँड थांबवणार आणि चार गावांसमोर मास्तरांची शोभा करणार, हे तिला लख्ख दिसत होतं. पण खरं सांगितलं तरी सुपारी जाणारच होती.

गुरुवारी चारच्या सुमाराला कागलात वरात निघाली. पद्मावतीनं झंपराच्या ऐनवेळच्या टाक्यांसाठी नजीराला बरोबर आणलं होतं, म्हणून ती बायकांत होती. चौकात येताच बादशहानं ती चाल सुरू केली. ढोलाबरोबर तिला एक डौल आला होता. नाचणारी पोरं आधी गोंधळली, मग हळूहळू डोलायला लागली.

फेटा सावरत तात्यासो गर्दीतून पुढं घुसले. त्यांनी हात वर केला. 

तात्यासो मान तिरकी करून ऐकत होते. न बोलता अख्खं गाणं ऐकलेलं तिनं त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

“हेच!” ते ओरडले. “गणपतराव, हेच न्हवं का पयलं आलेलं?”

“ते जरा… उड्या मारणारं पोरगं हुतं का काय…”

“काय सांगताय! हेच हुतं. नऊ मार्क दिलं हुतं मी ह्याला.”

“व्हय व्हय,” गणपतराव म्हणाले. “नऊच. मीच लिवलं की.”

“मला तर ऐकतानाच कळलं हुतं,” पद्मावती म्हणाली. “काय ग्वाड गळा हुता त्या बाईचा!”

नजीराला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन दिले होते, दोन! एक म्हातारी म्हणाला होता, दुसरा रडतीया म्हणाला होता. ओरडून सांगावंसं वाटलं, आणि सांगितलं असतं तर आपल्याच पायावर धोंडा पडला असता. ती मुठी आवळून उभी राहिली.

चाल संपली. ढोल मात्र चालूच होता. तात्यासो बादशहाच्या खांद्यावर थाप मारून त्याच्या पाठीमागून ओरडले, “मास्तर, मानलं तुमच्या कानाला! एकदा ऐकून जसंच्या तसं! असा कान कोल्हापुरात दुसरा न्हाई.”

बादशहाला थाप कळली, शब्द कळले नाहीत. तो वळेपर्यंत तात्यासो पुढं निघून गेले होते. दुकानात अडला की करायचा तसं त्यानं बायकांतल्या नजीराकडं बघितलं आणि भुवया उडवल्या.

नजीरा बायकांतून बाहेर आली. लोक बघत होते. तिनं बघू दिलं. तिनं नवऱ्याच्या कानाला तोंड लावलं.

“काय म्हणत्यात?” त्यानं विचारलं.

“परत वाजवा म्हणत्यात,” ती म्हणाली. “पयल्यापासनं.”

बादशहानं मान हलवली आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं. नजीरा माघारी गेली नाही. ढोलवाल्याला जरा सरक म्हणून ती तिथंच उभी राहिली.