न बोलावलेला घंटेकरी

पुरावेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण एकोणीस ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिलेला माणूस उठसूट "पुरावा आहे माझ्याकडे!" म्हणायला लागला, तर लोक तरी काय करणार? दूध पातळ आलं तर ते दूधवाल्याला तारीखवार पुरावे द्यायचे. बायको कपाळावर हात मारून घ्यायची. "अहो, तो दूधवाला आहे, शत्रूचा वकील नव्हे. सोडा त्याला."

माणूस मात्र कामाला वाघ. तरुणपणी ते सरकारी दप्तरखान्यात नकला उतरवायला होते. वाळवीनं खाल्लेले कागद समोर ठेवायचे आणि त्यातला शब्दन् शब्द वहीत घ्यायचा. तिथंच नाद लागला. पुढे नोकरी सुटली, नाद सुटला नाही.

त्यांची लिहायची रीत जगावेगळी होती. खोलीत दोन खुर्च्या. एक त्यांची, समोरची रिकामी. नवं पात्र लिहायचं म्हटलं की सकाळी अंघोळ उरकून त्याला हाक मारायची, समोरच्या खुर्चीत बसवायचं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काल रात्री काय जेवलास?" राणी असो नाहीतर घोड्याची लीद उचलणारा असो, सगळ्यांना हाच प्रश्न. ज्याचं जेवण कळत नाही त्याच्या तोंडी एक वाक्यही घालायचं नाही, असा नियमच होता. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची आणि ओळखायची, आज आपला नवरा सेनापती आहे की भटारी. सेनापती असला की भाजीत मीठ कमी म्हणून ओरडा व्हायचा. पुस्तक छापून आलं की पात्रं मुकाट्यानं आपल्या वाटेनं जायची आणि खुर्ची पुन्हा रिकामी.

एकच पात्र त्यांनी कधी खुर्चीत बसवलं नव्हतं. आणि नेमकं त्याच पात्रानं त्यांना मोठं केलं.

ते होतं तिसऱ्या कादंबरीत. वेढ्यातला किल्ला, पहाटेची वेळ, शत्रू दोर लावून तटावर चढतो आणि बुरुजावरची इशाऱ्याची घंटा वाजतच नाही. किल्ला पडतो, आत कापाकापी होते. इतकं खरं होतं, इतिहासात होतं. घंटा का वाजली नाही, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं. प्रकाशक रोज दारात, "शेवटचं प्रकरण द्या, छापखाना थांबलाय." पुरावेबुवांनी एका बैठकीत लिहून टाकलं. घंटेकरी फितूर झाला. शत्रूनं दिलेलं सोन्याचं कडं त्यानं मनगटात चढवलं आणि घंटेचा दोर कापला. हाक नाही, खुर्ची नाही, जेवणाचा प्रश्न नाही. पण प्रकरण असं काही उतरलं की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पुस्तक डोक्यावर घेतलं लोकांनी. ते प्रकरण शाळेच्या पुस्तकात गेलं. चाळीस वर्षं झाली, अजून आहे.

आता पुरावेबुवा ऐंशीला टेकले होते. समग्र साहित्याचे खंड निघायचे होते. अशात एका सकाळी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, बोटांना खडूची भुकटी.

"मी शाळेत भाषा शिकवते," त्या म्हणाल्या. "आमचं आडनाव घंटेकरी."

पुरावेबुवांनी हातातला चहा खाली ठेवला.

"आमचं घराणं त्याच किल्ल्याखालचं. तुमचं पुस्तक यायच्या आधी आम्ही चारचौघांसारखे होतो. नंतर माझ्या भावाला वर्गात पोरं विचारायची, कडं कुठाय रे तुझ्या घरातलं? तो शाळा सोडून गेला, गाव सोडून गेला, परत नाही आला. आणि मी दरवर्षी तेच प्रकरण वर्गात मोठ्यानं वाचते. अभ्यासक्रमातच आहे, न वाचून सांगते कुणाला?"

रडगाणं गात नव्हत्या हो बाई. हिशोबाच्या तासाला बोलावं तशा बोलत होत्या, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"माझे वडील अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितलेत. त्यांचं एकच म्हणणं आहे, जाण्याआधी खरं काय ते कळू दे. तुमच्याकडे कागद असेल तर दाखवा, आम्ही मान खाली घालू. नसेल तर तसं लिहून द्या."

आता खरं बोलायला काय जात होतं? पण जिभेला चाळीस वर्षांची सवय. पुरावेबुवा म्हणाले, "पुरावा आहे माझ्याकडे. शोधावा लागेल."

बाई उठल्या. "शोधा," म्हणाल्या. "मी थांबते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरावेबुवा खोलीत शिरले तर समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. लख्ख ऊन खिडकीतून आत आलेलं, त्यामुळे भास म्हणायचीही सोय नाही. घोंगडी पांघरलेला एक किडकिडीत माणूस, ओठ फुटलेले, दात कडकड वाजताहेत. दोन्ही मनगटं मांडीवर उताणी ठेवलेली, जणू कुणी तपासून घ्यावीत.

पुरावेबुवांनी दार लावून घेतलं आणि दुपार बाहेरच्या खोलीत काढली. दुसऱ्या दिवशी तो तिथंच. तिसऱ्या दिवशीही. बोलायचा नाही, हलायचा नाही, नुसता बघायचा. उपाशी माणूस वाढणाऱ्याच्या हाताकडे बघतो ना, तसा. पुरावेबुवांचं लिहिणं बंद पडलं, जेवण तुटलं. माणूस घरभर फिरायचा.

"कोण आलंय?" बायकोनं एकदा विचारलं. तिला काही दिसत नव्हतं, पण पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

"घंटेकरी."

तिनं भांडं खाली ठेवलं. "पक्की प्रत मीच केली होती त्या प्रकरणाची. तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला, याला हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय. जा आता, विचारा त्याला. घरी आलेल्याला काय असं ताटकळत ठेवतात?"

तीन आठवडे टाळाटाळ केल्यावर पुरावेबुवा एकदाचे आपल्या खुर्चीत बसले.

"काल रात्री काय जेवलास?"

त्या माणसाचे दात वाजायचे थांबले.

"मेलेला माणूस काय जेवणार, मालक?" तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक होतं की."

होतंच ठाऊक! हीच तर खरी गोम होती. पुरावेबुवा उठले, माळ्यावरची पेटी बायकोच्या मदतीनं उतरवली आणि दप्तरखान्यातल्या दिवसांची वही काढली. मधल्या पानावर त्यांच्याच हातानं उतरवलेली ओळ होती: 'घंटेकरी तापाने वारला. वेढा पडण्यास तीन दिवस बाकी होते. जागी दुसरा नेमला नाही.' बस, एवढंच होतं घंटा न वाजण्याचं कारण. माणूस तापानं गेला आणि वरच्यांनी बदली माणूस नेमला नाही. या ओळीनं कादंबरीचा शेवट मचूळ झाला असता. म्हणून त्यांनी पान उलटलं होतं, आणि पुढे स्वतःलाही विसरायला लावलं होतं. मूळ कागद तर दप्तरखान्याला आग लागली तेव्हा बाकीच्यांबरोबर राख झाला.

पुरावेबुवा तिथंच जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. म्हातारं माणूस असं रडलं की बघवत नाही. बायको शेजारी बसून राहिली, पण 'जाऊ द्या' म्हणाली नाही.

मग मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. काही एक न लपवता सगळं लिहून वर्तमानपत्राला धाडलं: मी खोटं लिहिलं, जाणूनबुजून लिहिलं, तो बिचारा आधीच मेला होता. रविवारी ते छापून आलं. आता लोक शेण घालतील तोंडात, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

सोमवारी प्रकाशक पेढे वाटावेत अशा आनंदानं धावत आला. "काय मन आहे हो तुमचं! एका घराण्याची अब्रू वाचावी म्हणून स्वतःच्या अंगावर घेतलंत! जिकडे तिकडे हीच चर्चा आहे. जुनी कादंबरी पुन्हा छापायला घेतोय, प्रती कमी पडायला लागल्यात."

"अरे, पण ते खरं आहे!" पुरावेबुवा ओरडले.

"हो हो, अगदी खरं," प्रकाशक डोळा मिचकावून म्हणाला.

आठवड्यानं बाई आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. वडील बुधवारी गेले होते.

"वाचून दाखवलं त्यांना?" पुरावेबुवांनी विचारलं. त्यांचा सगळा जीव त्या एका उत्तरात अडकला होता.

"दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मग कधी नव्हे ते हसले." बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "म्हणाले, देवमाणूस आहे म्हातारा. आपल्यासाठी खोटं बोलला."

पुरावेबुवांनी वही पुढे केली. ते पान उघडून बोट ठेवलं. बाईंनी ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि वही हळूच मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अक्षर तुमचंच आहे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "कशाला एवढा त्रास घेतलात? आमच्यासाठी इतकं आजवर कुणीच केलं नव्हतं."

आणि त्या मनापासून आभार मानून शाळेच्या वेळेला निघून गेल्या.