बडीशेपेच्या वाफ्यातले खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे आणि फार दमले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी कुरकुर ऐकू आली तर तुम्हाला नवल वाटायचे नाही.

इस्लामपूरच्या एका लोहाराने मला मोडक्या ट्रकच्या पाट्यातून घडवले. तेव्हा माझे पाते तळहाताएवढे रुंद होते. आता झिजून बोटभर उरले आहे, आणि मुठीला चिंधी बांधलेली आहे. माझे धनी कोंडीबा. त्यांच्या घरी ऊस आला तसा माझा मान गेला. उसात तणनाशक फवारतात, तिथे खुरप्याला कोण विचारतो? घरामागचे परडे तेवढे माझ्या वाट्याला राहिले. तिथे कोंडीबांची सून संयोगिता वांगी, मेथी, घेवडा लावायची.

यंदा त्या परड्यावरही उसाची नजर गेली. संयोगिताचा नवरा शिवतेज वडिलांना म्हणाला, "आबा, परडं बी सरीत घेऊ. मेथीच्या चार पेंढ्यांपायी चांगली जमीन अडकलीया."

संयोगिताचे तोंड उतरले. तिचा भाऊ अमृत फौजेत आहे. सुट्टीवर येताना त्याने पहाडातून गड्ड्याच्या बडीशेपेचे बी आणले होते. ही बडीशेप दाण्यांसाठी नसते. तिच्या बुडाशी मुठीएवढा पांढरा गड्डा धरतो आणि त्याची भाजी-कोशिंबीर करतात. "एवढा हिवाळा द्या, मामा," ती सासऱ्यांना म्हणाली.

कोंडीबा हसले. "बडीशेप जेवल्यावर चघळायची असती पोरी, तिची भाजी करत्यात व्हय? बरं, संक्रांतीला पावणी येत्यात. त्यांनी तुझ्या गड्ड्याला बरं म्हटलं तर परडं तुझं. न्हाईतर सरी पडंल."

मीही कान टवकारले. परडे गेले तर माझी रवानगी भंगारवाल्याकडे, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दसऱ्यानंतर ऊन उतरले तसे तिने बी पेरले. हे बी जागेवरच पेरावे लागते. रोप उपटून दुसरीकडे लावले की ते रुसते आणि गड्डा धरायचा सोडून फुलावर जाते. मग विरळणी झाली, खुरपणी झाली. गड्डे फुगू लागले तशी दोन्ही बाजूंनी माती चढवली, म्हणजे ते पांढरे आणि कोवळे राहतात. हे सगळे माझ्या जिवावर. काम संपले की संयोगिताला स्वयंपाकाची घाई, आणि मी मातीने माखलेले तसेच बांधावर दवात पडलेले. गंज चढला की ती मला दगडावर घासायची. गंज जायचा, त्याच्याबरोबर थोडे मीही जायचे.

पौष लागला आणि पहिली ओळ तयार झाली. तिने गड्डे मातीलगत कापले, मुळे जमिनीतच ठेवली. पाला काढून गड्डे ओल्या फडक्यात गुंडाळले आणि माठाशेजारी गारव्याला ठेवले. त्या दिवशी घरात कोशिंबीर झाली. कोंडीबांनी ती दोनदा मागून घेतली, पण तोंडातून 'बरी' एवढेही काढले नाही. म्हातारा आतून विरघळला होता, एवढे मात्र खरे.

संक्रांत तोंडावर आली आणि कवठे महांकाळला संयोगिताची आई पडली. ती माहेरी धावली. इकडे कोंडीबांच्या मनात आले, सुनेला मदत करावी. जन्मभर कांदा पिकवलेला माणूस! त्यांनी मला उचलले आणि उरलेले सगळे गड्डे मुळासकट काढले. मग कांद्यासारखे पाल्यासकट उन्हात पसरले. माझ्याच पात्याने ते उपटले गेले, मित्रांनो. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

भोगीला संयोगिता परतली. तिने एक गड्डा उचलून दाबला. तो चामड्यासारखा चिवट झाला होता.

"आवं मामा, ह्यो कांदा न्हाई," ती कशीबशी म्हणाली. "ह्याला ऊन न्हाई सोसत. जमिनीतच ठिवायचा, लागंल तसा कापायचा."

कोंडीबांनी घाईने गड्डे सावलीत ओढले, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तिळगूळ खाऊन गेले. गड्ड्याची भाजी कुणाच्या पानात पडली नाही.

संक्रांत सरली आणि शिवतेजने परड्याशी ट्रॅक्टर आणला. "ठरलं व्हतं ते ठरलं," तो म्हणाला. कोंडीबा पुढे झाले आणि पहिल्या ओळीपाशी थबकले. कापलेल्या बुडख्यांना हिरवे, कोवळे कोंब आले होते.

"हे काय गं?"

"मुळं राखली व्हती, मामा. त्यास्नी फूट आलीया."

म्हाताऱ्याने वाकून एक कोंब बोटाने चाचपला. मग तो लेकाकडे वळला. "ट्रॅक्टर माघारी ने. पावण्यांनी खाल्लं न्हाई ते माझ्या शहाणपणापायी. पण म्या खाल्लंय, दोनदा मागून खाल्लंय. लय बरं लागलं. तवा बोललो न्हाई, आता बोलतो."

शिवतेजने ट्रॅक्टर वळवला. संयोगिताने पदर तोंडाला लावला. कोंडीबा मला घेऊन उकिडवे बसले आणि सुनेला विचारून विचारून एकेका कोंबाभोवतीची माती भुसभुशीत करू लागले. काम झाल्यावर त्यांनी मला पाण्यात बुचकळले, धोतराच्या सोग्याने कोरडे केले आणि खुंटीला अडकवले. इतक्या वर्षांत असे पहिल्यांदाच झाले.

खरे सांगू? भंगारात गेले असते तर एकदाची विश्रांती मिळाली असती. तरी त्या खुंटीवर मला रडू आले. मित्रांनो, तुमच्या घरी माझे एखादे भावंड असेल तर त्याला मातीत टाकून जेवायला पळू नका, पुसून कोरड्या जागी ठेवा. कुणाच्या कष्टाला हात लावायचा असेल तर आधी त्याला विचारा. आणि कोशिंबीर आवडली तर तिथल्या तिथे सांगा.

आता निजते. उद्या मेथीच्या वाफ्याची खुरपणी आहे.