हिरवा बावटा

"बाबा, आजही लालच?"

सून खालच्या पायरीवर उभी होती. काखेत लाटांवर घसरायची फळी, अंगात रबरी पोशाख. कड्यावरच्या चौकीत म्हातारा दोरीला लाल बावटा बांधत होता. समुद्र बघायचा, वारा बघायचा आणि बावटा चढवायचा, ही त्याची नोकरी. हिरवा म्हणजे खुशाल या, लाल म्हणजे पाण्यात पाऊल नको. फळीवाली मंडळी त्याला बावटेकाकाच म्हणत.

"वाऱ्याचा काय भरवसा," तो म्हणाला.

"वारा जमिनीवरून येतोय. लाटा कशा विंचरून ठेवल्यासारख्या येताहेत. दिसत नाही म्हणू नका."

दिसत होतं. तेच तर दुखत होतं. गेल्या वर्षी अशाच सकाळी त्यानं हिरवा चढवला होता. आणि तो बरोबरच होता. वारा बरोबर, भरती बरोबर. तरी कुठल्या लांबच्या वादळातून सुटलेली एक आडदांड लाट आली आणि त्याच्या लेकाला खडकांवर घेऊन गेली. समुद्राला आई म्हणावं, तर आई असं करत नाही. वैरी म्हणावं, तर वैरी इतकं पोसत नाही.

तेव्हापासून कड्यावर लालच. आधी लोक गप्प राहिले. मग हसायला लागले. "काकांकडे दुसरं कापडच नाही," म्हणत बेलाशक पाण्यात उतरू लागले.

"काल त्या पाहुण्याला मी खडकातून ओढून काढला," सून म्हणाली. "काल खरंच लाल होता ना?"

"होता तर! पाण्याला ओढ कसली होती! घसा फुटेस्तोवर ओरडत होतो मी इथून."

"मी त्याला विचारलं, बावटा दिसला नाही का रे? तर म्हणे, म्हातारा रोजच लावतो." ती पायरीवर बसली. "बाबा, तुमचा लाल आता कुणाला दिसतच नाही. उद्या कुणाचा तरी मुलगा जाईल."

 म्हाताऱ्यानं लाल बावट्याची गाठ सोडायला घेतली.  खोक्याच्या तळाशी हिरवा बावटा होता. घड्या चिकटल्या होत्या. तो त्यानं मांडीवर पसरून हातानं सारखा केला, शाळेत निघालेल्या लेकराचा सदरा करावा तसा.

बावटा चढला. खालून कुणीतरी शीळ घातली. "अरे, काकांना दुसरं कापड सापडलं!"

सून उठली. "जाऊ?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार," त्यानं वर बावट्याकडे बोट दाखवलं.

ती कडा उतरली. तो समुद्राकडे पाठ करून बसला. क्षणभरच. पाठ फिरवणं नोकरीत बसत नव्हतं. उठला आणि पाहत राहिला. ती लाटेवर उभी राहिली, वाकली, फेसात दिसेनाशी झाली.  मग पुढच्या लाटेवर तिचं डोकं वर आलं.

बऱ्याच वेळानं ती निथळत वर आली.

"कशी होती लाट?" त्यानं विचारलं. हा प्रश्न तो एकाच माणसाला विचारायचा. वर्षभर कुणालाच विचारला नव्हता.

"त्यांना आवडली असती," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. "घरी जा आता. ओठ निळे पडलेत."

"आणि तुम्ही?"

"दोघं आहेत अजून पाण्यात," तो म्हणाला, आणि डोळ्यांवर हात धरून उभा राहिला.