काजळाची तीट आणि चिमूटभर मीठ

विलायतेतल्या डोंगरातलं ते गाव ऐतिहासिक असल्याचं गावानेच ठिकठिकाणी लिहून ठेवलं होतं. खाटकाच्या दुकानावर पाटी, घोड्यांच्या हौदावर पाटी. बाजार मात्र गुरुवारी भरायचा आणि सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात सुप्रभा आणि शशिधर लेकीला घेऊन पोचले ते रविवारी. डॉक्टर शशिधरच्या हॉस्पिटलातल्या साहेबाने, कन्सल्टंटने, गाव सुचवलं होतं, म्हणजे ते आवडणं भागच होतं.

सुप्रभाचं लक्ष गावाकडे नव्हतंच. ते होतं आठ महिन्यांच्या शिल्पाच्या गालावरच्या काजळाच्या तिटेकडे. ती स्वतः मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. दृष्टबिष्ट मानत नव्हती. पण आपण मानत नाही म्हणून पोरीला कशाला धोक्यात घाला?

टी-रूममध्ये शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या आजीबाई उठून आल्या. "काय गोड बाळ. पण गालाला हे काय लागलंय?" रुमालाला थुंकी लावून त्यांनी तीट साफ पुसून टाकली. "आता बघ. इतकं देखणं मूल या गावाने पाहिलं नसेल."

आधी कवच काढलं, वर स्तुती केली. शिल्पाने भोकाड पसरलं.

"दात येतायत," शशिधर म्हणाला. "मला काळजी आहे ती थुंकीची."

"मला स्तुतीची."

टेबलावर मीठ होतं. मोहरीही होती, पण बरणीत कालवलेली, पिवळ्या चिखलासारखी. ती ओवाळायची कशी? सुप्रभाने मिठावर भागवलं. मूठ शिल्पावरून उतरवत ती पुटपुटू लागली, "आल्यागेल्याची, पाहुण्याची, या बाईंची..."

"सुप्रभा, प्लीज. लोक बघतायत."

"बघतायत म्हणूनच."

"मीठ सांडलं का, डिअर?" आजीबाईंचा चेहरा गंभीर झाला. "वाईट असतं ते." त्यांनी चिमूटभर मीठ उचललं आणि आपल्या डाव्या खांद्यावरून मागे भिरकावलं. ते थेट शशिधरच्या चहात पडलं.

शिल्पा रडायची थांबली आणि खुदकन हसली.

"बघितलंस?" आजीबाई म्हणाल्या आणि समाधानाने चहासोबतच्या स्कोनकडे परतल्या.

"दातच ते," शशिधर म्हणाला. एक घोट घेऊन त्याने कप दूर सारला.

सुप्रभा मात्र अस्वस्थ. दोन उपाय एकाच वेळी, कंट्रोल नाही. कॉलेजात मॅडमनी हा प्रयोग परत करायला लावला असता. निघताना तिने पर्समधून काजळाची डबी काढली आणि नवी तीट लावली ती टोपीखाली, कानामागे. कुठलाही मायाळू रुमाल तिथवर पोचला नसता.

"झालं?" शशिधरने विचारलं.

"झालं. आता करा म्हणावं हवी तेवढी स्तुती."