उजवीकडचा कलश

मिझुएचा थोरला भाऊ कोसाकु होशिनो वसंतात, पितरांच्या दिवसांत, दरवर्षीप्रमाणे कावागुचीहून गाडी घेऊन आला, तेव्हा मिझुएच्या नवऱ्याला, एमरिसला, वाटलं, नेहमीसारखीच समाधी धुवायची, उदबत्ती लावायची आणि दुपारी दोघांनी मिळून सोबाच्या शेवया खायच्या. शेवया खाऊन झाल्या. कोसाकुने वाडग्यातलं शेवटचं गरम पाणीही पिऊन संपवलं, पण उठायचं काही नाव काढेना.

"एमु, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. आपली समाधी मोडायची ठरवलीय."

"मोडायची म्हणजे?"

"म्हणजे दगड काढून टाकायचे, जागा देवळाला परत द्यायची. अस्थी शहरात न्यायच्या. आमच्या घराजवळ एक इमारत झालीय, तिथे घराण्याघराण्यांच्या अस्थी ठेवतात. कार्ड लावलं की पेटी आपोआप पुढ्यात येते. पाऊस नाही, बर्फ नाही, डास नाहीत."

"अस्वल नाही," एमरिस म्हणाला.

अडचणीत सापडला की काहीतरी गमतीचं बोलायची त्याची सवय होती. कोसाकु हसला नाही.

एमरिस मूळचा वेल्सचा, पाटीच्या दगडाच्या खाणींच्या गावचा. खाणी बंद पडल्या, गाव रिकामं झालं, आणि पंचविशीतला एमरिस एखाद-दोन वर्षं इंग्रजी शिकवून परत यायचं म्हणून जपानला आला. माएबाशीत औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मिझुएशी लग्न झालं आणि परतायचं राहूनच गेलं. मूलबाळ झालं नाही. मिझुएचे वडील वारले, म्हातारी आई तोकु डोंगरातल्या घरात एकटी पडली, म्हणून दोघं गुन्मा प्रांताच्या या टोकाला, सुरणासारखे कोन्याकुचे कंद पिकवणाऱ्या गावात येऊन राहिले. सासूबाई करड्या शिस्तीच्या. जावयाने घडी घातलेला टॉवेल त्या उलगडून पुन्हा घडी घालत. आणि मग भलतंच झालं. जिची सेवा करायला आले ती राहिली बाजूला; पानगळीच्या दिवसांत मिझुएच कर्करोगाने गेली. सासू आणि जावई, दोघंच त्या घरात हिवाळा काढायला उरले. बर्फ वितळायच्या आत सासूबाईही गेल्या. मायलेकींच्या अस्थी होशिनोंच्या समाधीत शेजारीशेजारी ठेवल्या. तेव्हापासून एमरिसचा दिवस तिथेच उजाडायचा. झाडलोट करायची, दगड पुसायचा, फुलं बदलायची आणि मिझुएला गावातल्या बातम्या सांगायच्या.

"दादा, मी आहे ना इथे," तो कोसाकुला म्हणाला. "रोज जातो. तुला यायची दगदगच नको."

"ते मला दिसतं रे. पंचक्रोशीत एवढी लखलखीत समाधी दुसरी नाही. पण तुझ्यानंतर कोण?"

एमरिसने रिकामे वाडगे एकात एक ठेवले.

"माझा मुलगा ताकुमा तर इकडे फिरकतही नाही. मी सत्तरी ओलांडली. येताना घाटात डोळ्यांपुढे अंधारी आली, गाडी बाजूला घेऊन बसून राहिलो. मी गेलो की इथे रान माजणार, आणि मग कोणीतरी परका माणूस येऊन सगळ्यांना एका खड्ड्यात ओतणार. आईवडिलांची ही गत होऊ देऊ?"

"मग मिझुएचा कलश तेवढा मला दे."

"आईपासून तोडू तिला? आणि तू गेलास की? ओसाड घरात, फडताळात, माझी बहीण पडून राहणार? नाही एमु. एवढं मागू नकोस."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. पण तो मान खाली घालून बोलत होता. निघताना बूट घालता घालता म्हणाला, "घराची काळजी करू नकोस. तू आहेस तोवर राहा." ते तो अगदी चांगल्या मनाने म्हणाला. घरही कोसाकुच्याच नावावर आहे, हे एमरिसच्या इतक्या वर्षांत कधी डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला. पुरोहित चारपाच गावांची देवळं एकटेच सांभाळायचे. ते गाडीत बसून पुढच्या गावाला निघतच होते. काच खाली करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एमरिससान, समाधी घराण्याची असते. घराण्याचा वारस म्हणेल तसं मला करावं लागतं."

"मी नवरा आहे तिचा."

"हो ना. पण नाव होशिनोंचं." पुरोहितांनी उसासा टाकला. "खरं सांगू का, देऊळसुद्धा फार दिवसांचं सोबती नाही. माझ्यामागे इथे यायला कोणी तयार नाही. तुम्ही समाधी राखलीत तरी मंत्र म्हणायला कोण येणार?"

जो तो त्याला हेच विचारत होता.

मे महिन्यात दगड काढणारे कारागीर यायचे ठरले. आदल्या दिवशी पहाट फुटता फुटता एमरिस पहार, ब्लँकेट आणि कोन्याकु भरायची टोपली घेऊन समाधीवर गेला. धुकं इतकं होतं की पलीकडच्या ओळीतले दगड दिसत नव्हते. मिझुएचा कलश टोपलीत घालून घरी न्यायचा, फडताळात ठेवायचा आणि उद्या कोसाकुने विचारलं तर सरळ सांगायचं, हो, मी नेला. एवढंच त्याने ठरवलं होतं. समोरच्या शिळेच्या फटीत पहार घालून त्याने जोर लावला. शिळा हलली, पण सरकेना.

"अगंबाई, तू होय!" मागून आवाज आला. "मला वाटलं अस्वलच आलं. आता विळा फेकणार होते."

शेजारची त्सुया आजी होती. ऐंशी उलटलेली, कमरेत वाकलेली, अस्वलं दूर राहावीत म्हणून कमरेला घंटी बांधलेली. नवऱ्याच्या समाधीवरचं गवत काढायला ती ऊन चढायच्या आत यायची. तिने पहारीकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं.

"चोरी करतोयस का रे?"

"हो आजी."

"मग नीट तरी कर. ती शिळा एकट्याला हलायची नाही. मी पहारीवर बसते, तू ढकल."

आजी खरोखरच पहारीवर बसली. शिळा करकरत बाजूला झाली आणि आतून ओल्या मातीचा गार वास आला. एमरिसने गुडघे टेकून आत हात घातला. खणात पाणी साचलं होतं. मागच्या बाजूला जुने, मातकट कलश. पुढे दोन पांढरे, अगदी सारखे. एकाच दुकानातले. त्याने दोन्ही बाहेर काढून आजीच्या हातात दिले, आजीने गवतावर ठेवले. कापडी पिशव्या कुजून हातात तुटल्या. झाकणांवर शाईने नावं लिहिलेली होती, त्या जागी आता नुसता करडा डाग होता.

"यातली मिझुए कुठली?" आजीने विचारलं.

एमरिसने एक झाकण उघडलं. आत पाणी, पाण्यात हाडं. दुसरं उघडलं. पाणी आणि हाडं. दहनानंतर मिझुएची हाडं लांब काड्यांनी त्याने स्वतः कलशात भरली होती, तेव्हा वाटलं होतं की जन्मभर ओळखता येतील. तो एका कलशावरून दुसऱ्यावर पाहत राहिला.

"हाडांना तोंड थोडंच असतं बाळा," आजी म्हणाली. "उचल कुठलाही एक. दोघींनीही तुला जेवू घातलंय."

"आणि तो सासूबाईंचा निघाला तर? मिझुए एकटी जाईल तिकडे. मी इथे त्यांच्यापाशी बसेन आणि मला कळणारसुद्धा नाही."

"मग दोन्ही ने."

"कोसाकुची आई मी कशी नेऊ?"

आजीने दोन्ही झाकणं परत लावली. इतक्यात खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. कोण आहे ते धुक्यात दिसेना. एमरिस घाबरला, सदुसष्टाव्या वर्षी कबरीत हात घातलेला परदेशी माणूस लोकांना कसा दिसेल, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. आजीने कलश उचलून दिले, त्याने घाईघाईने आत सारले, दोघांनी मिळून शिळा जागेवर ढकलली. गाडी वर न येता कालव्याकडे निघून गेली. एमरिस रिकामी टोपली घेऊन घरी आला आणि हातपाय न धुता तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. कोसाकु आला, पुरोहित आले, कारागिरांनी दोऱ्या बांधल्या. त्सुया आजी काळे कपडे घालून शेवटचा नमस्कार करायला आली. मंत्र झाले, शिळा निघाली. कारागीर आत वाकणार तेवढ्यात कोसाकुने त्याला थांबवलं आणि पिशवीतून मुठीएवढी पांढरी बरणी बाहेर काढली.

"एमु, मी घाटभर विचार करत आलो," तो म्हणाला. "मी तुला तोडून बोललो. सगळा कलश नाही देता येणार, पण मिझुएच्या थोड्या अस्थी तू ठेव. तिला आवडेल. पुरोहितांना विचारलंय, चालतं."

एमरिसने बरणी दोन्ही हातांनी घेतली. "पण दादा, नावं पुसली असली तर? कुठला कोणाचा ते..."

"मला ठाऊक आहे ना. मी स्वतः ठेवलेत. मिझुए उजवीकडे, आई डावीकडे. आईला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही, म्हणून लेकीला मुद्दाम उजव्या बाजूला ठेवलं. दोघी बोलत बसतील म्हटलं." कोसाकु ओशाळून हसला.

एमरिसने उघड्या खणाकडे पाहिलं. काल आजीने आधी कुठला दिला होता? त्याने कुठल्या हाताने कुठे सारला? गाडीचा आवाज तेवढा आठवत होता, बाकी सगळं धुकं. खुणेला काही उरलं असेल तर ते एवढं एकच उरलं होतं, उजवं आणि डावं, आणि ते त्याने आपल्या हातांनी पुसलं होतं. एक दिवस थांबला असता तर पुरलं असतं.

त्याने त्सुया आजीकडे पाहिलं. आजीने क्षणभर जमिनीकडे बघितलं आणि मग मोठ्याने म्हणाली, "बरोबर आहे कोसाकु. उजवीकडचाच. मला आठवतंय."

कोसाकुने उजवीकडचा कलश उघडला, पाणी हळूच ओतलं आणि हाडाचे तुकडे उचलून बरणीत घातले. त्याचे डोळे भरून आले होते. "ताई नव्हती, धाकटी होती, पण मला ताईसारखी रागवायची," तो म्हणाला. एमरिसने मान हलवली. दुपारपर्यंत समाधीच्या जागी सपाट खडी पसरली होती.

परतताना त्याने आजीला गाठलं. "आजी, तुम्हाला खरंच आठवतं?"

"आठवतं म्हटलं तर विश्वास ठेवशील?"

"नाही."

"मग कशाला विचारतोस?" असं म्हणून ती घंटी वाजवत पुढे चालू लागली.

अस्थी धुऊन वाळवायला काही दिवस कारागिरांकडे राहणार होत्या. त्या दिवसांत एमरिसने कितीदा तरी फोन उचलला. सांगून टाकावं, पण सांगून काय होणार होतं? त्याची बायको हरवली होतीच, वर कोसाकुची आई आणि बहीणही हरवली असती. एकदा पलीकडून कोसाकुचा "हॅलो" ऐकूही आला. एमरिसने हवापाण्याचं विचारलं. मग एके दिवशी कोसाकुचाच फोन आला. काम छान झालं होतं. पेटी लहान असल्यामुळे सगळ्यांच्या अस्थी एकाच पिशवीत एकत्र केल्या होत्या. "आता कोणीच एकटं नाही बघ," तो म्हणाला. "ये एकदा. येण्याआधी मला कळव फक्त; कार्डं दोनच मिळतात, एक माझ्याकडे, एक ताकुमाकडे."

"येतो," एमरिस म्हणाला. तो गेला नाही.

उन्हाळा संपायच्या आत त्सुया आजीला तिची मुलगी ताकासाकीला घेऊन गेली. गाडीत बसताना आजीने त्याचा हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मुलीने दार लावून घेतलं. ओबोनच्या संध्याकाळी, मेलेली माणसं घरी येतात त्या दिवशी, गावातली उरलीसुरली दोनचार घरं कंदील घेऊन आपापल्या समाधीवर गेली आणि आपापल्या माणसांना उजेड दाखवत घरी घेऊन आली. एमरिस ओसरीवर बसून ते कंदील खाली उतरताना पाहत होता. त्याला आणायला जायला कुठली जागाच नव्हती.

बरणी आत फडताळात होती. तिच्यापुढे बसून बोलायचा प्रयत्न त्याने पुष्कळ केला. मिझुए असेल तर, "काय गं, ऐकतेयस ना?" असं म्हणायचं. सासूबाई असतील तर, "अहो आई, काही हवं का?" असं विचारायचं. तू म्हणावं की तुम्ही, इथेच जीभ अडायची. तू म्हणून सासूबाईंचा अपमान करायचा, की तुम्ही म्हणून बायकोला परकं करायचं? पहिला शब्दच फुटायचा नाही, मग पुढचं बोलणं कुठलं. हळूहळू तो नुसता बसू लागला. मग बसणंही कमी झालं.

आता कधीमधी टपाल टाकणारी बाई फाटकातून हाक मारते. तो ओ देतो, तेव्हा आपला आवाज त्याला घोगरा, दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो.